मलगाळापासून जैववायू : सौर उष्णतेचा उपयोग
नगरांतील सांडपाण्याच्या शुद्धीकरणात तळाशी साचणाऱ्या गाळावर हवाबंद पाचकात जीवाणूंची क्रिया होऊन सुमारे 60 टक्के मिथेन असलेला जैववायू निर्माण होतो. माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात 1897 मध्येच असा मलजन्य वायू वापरात आला होता. हे जीवाणू 35 अंश सेल्सिअसच्या आसपास जोमाने काम करतात, म्हणून हिवाळ्यात गाळ थंडावला की वायूची आवक घटते. अशा वेळी पाचक तापविण्यासाठी तोच वायू जाळणे म्हणजे वसूल खजिन्यात पोचण्यापूर्वीच खर्ची घालणे होय. ही उष्णता सूर्यापासून घेण्याचा मार्ग त्यामुळेच अधिक श्रेयस्कर ठरतो. शिर्डीस साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयावर 2009 पासून प्रत्येकी 16 चौरस मीटरचे 73 अंतर्वक्र शेफलर आरसे सूर्याचा माग घेत पाण्याची वाफ करतात व तीवर सहस्रावधी भाविकांचे अन्न शिजते. ती वाफ पाकगृहापुरतीच असली, तरी पाचकास लागणारी ऊब तिच्याहून कितीतरी सौम्य, अर्थात अशा साधनांच्या सहज आवाक्यातली आहे. अधिक तीव्र उष्णतेचाही येथे उपयोग आहे : पाचकात घालण्याआधी गाळ 160 अंशांच्या आसपास दाबाखाली शिजविल्यास जीवपेशींची आवरणे फुटून पचन त्वरेने होते. रात्र व पावसाळा यांची तजवीज म्हणून उष्ण पाण्याची आवरणयुक्त टाकी मात्र अवश्य हवी, कारण तापमानातील आकस्मिक चढउतार मिथेनकारी सूक्ष्मजीवांना सोसत नाहीत.