अंगणवाडीतील अंगण

शब्द दीर्घायुषी असतात. परंतु ज्या वस्तूवरून ते घडले, ती वस्तू तितकी दीर्घायुषी असतेच असे नाही. ‘अंगणवाडी’ हा शब्द आज भारतातील अनेक भाषांनी आपलासा केला आहे. त्याचे जन्मस्थान आमच्या सिल्वासापासून फार दूर नाही. तलासरी ओलांडून डहाणू तालुक्यात उतरले, की समुद्रकाठी बोर्डी लागते. तेथे १९४५ साली ताराबाई मोडक यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या.

ताराबाई त्या कामास नवख्या नव्हत्या. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर स्थापिले होते. तेथे गिजुभाईंच्या सहवासात त्यांची घडण झाली. डॉ. माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये गरिबांच्या मुलांसाठी काढलेल्या बालगृहाचे तत्त्व त्यांनी तेथेच आत्मसात केले. मुलाचा हात आणि पाय मोकळा झाल्यावाचून त्याची बुद्धी मोकळी होत नाही, हे त्या तत्त्वाचे सार होय. परंतु माँटेसरी साधने महाग, आणि ती पोसणारी बालमंदिरे शहरातील सुस्थितांची. हे तत्त्व खेड्यातील दरिद्री घरी कसे न्यावे, हा ताराबाईंपुढील प्रश्न होता. बिया, शंख-शिंपले, खडे, बांबू अशा फुकट मिळणाऱ्या वस्तूंतून त्यांनी साधने घडविली.

तरीही वस्तीवरील मुले बालवाडीत येईनात. धाकटे भावंड सांभाळण्याचे काम कोणाकडे, तर कोणाला न्हाऊमाखू घालण्यास घरी कोणी नाही. तेव्हा ताराबाईंनी साधा पण धाडसी निर्णय घेतला : मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे. यांतूनच अंगणवाडी जन्मास आली. येथे एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. अंगण ही केवळ जागेची सोय नव्हे. अंगणात भिंत नसते, बाक नसतो. म्हणून तेथे मुलास बसवून ठेवता येत नाही. धावणे, लंगडी घालणे, पाणी भरणे, झाडणे, गाण्याबरोबर फेर धरणे हीच तेथील पहिली पाठ्यपुस्तके.

१९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या सान्निध्यात गेले. तेथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ‘कुरणशाळा’ निघाली. अंगणापाठोपाठ शाळा आता रानापर्यंत पोहोचली. वारल्यांचे मूल झाडावर चढते, ओढा ओलांडते, तारप्याच्या फेरात मोठ्यांचे पाऊल पाहून आपले पाऊल टाकते. या मुलास हालचाल शिकवावी लागत नाही. आपण ती थांबविली नाही म्हणजे पुरे.

आमचा प्रदेश २ ऑगस्ट १९५४ रोजी पोर्तुगीज अमलातून मुक्त झाला. वारली, कोकणा, धोडिया हेच येथील मूळ रहिवासी. ‘अंगणवाडी’ हा शब्द मात्र पाड्यापाड्यांवर रुजला तो एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे. ती २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात सुरू झाली. ते पाहण्यास ताराबाई उरल्या नव्हत्या. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले होते. योजनेने पोषण, लसीकरण आणि आरोग्यतपासणी मुलाच्या दारी आणली, हा उपकार लहान नव्हे. परंतु अंगणवाडी म्हणजे एक खोली, ही समजूतही हळूहळू दृढ झाली. पुढे सिल्वासाभोवती कारखाने उभे राहिले, चाळी वाढल्या, आणि पुष्कळ मुलांच्या घरापुढचे अंगणच नाहीसे झाले.

या दोषापासून आम्ही स्वतः मुक्त नाही. पहिलीत येणारे मूल अक्षरे गिरवून आलेले असावे, अशी अपेक्षा आम्ही पालकांजवळ अनेक वर्षे बोलून दाखविली. त्या अपेक्षेपायी तीन वर्षांची पोरे पाटीपुढे मांडी घालून बसविली गेली. पुढे आमच्या ध्यानी आले, की अशी मुले पेन्सिल धरून लवकर थकतात, आणि रानात वाढलेला पाड्यावरचा मुलगा तीच पेन्सिल घट्ट धरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले, की तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसाकाठी निदान १८० मिनिटे हालचालीत घालवावी आणि त्यांपैकी ६० मिनिटे तरी दमछाक होईल अशी असावीत. बोर्डीच्या अंगणात ही मिनिटे कोणी मोजली नसतील. तेथे ती मोजण्याची गरजच नव्हती.

इतिहास सांगावयाचा तो गौरवासाठी नव्हे, तर आपण कोठे वळण चुकलो हे कळावे म्हणून. लपंडाव, खांबखांबोळ्या, आंधळी कोशिंबीर यांस ना इमारत लागते, ना अनुदान. लागते ती थोडी मोकळी जागा आणि मुलांस धावू देणारी बाई. शिक्षकबंधुभगिनींनो, पहिलीच्या दारात मुलास ‘काय लिहिता येते?’ असे विचारण्याचे आम्ही आता सोडले आहे. ‘काय खेळतोस?’ असे आम्ही विचारतो. ताराबाईंनी दिलेल्या शब्दातील पूर्वार्ध परत मिळविण्याचा प्रारंभ बहुधा एवढ्यानेच व्हावयाचा आहे.