ब्लीड हवा गळती संवेदक : सक्तीची तपासणी

विमानाच्या एंजिनातून घेतलेली तप्त हवा नळातून गळू लागल्यास वैमानिकाला सूचना देणारे, तारेसारखे लांब उष्णतासंवेदक घटक. २०२० च्या आसपास काही उत्पादनगटांतील घटक सदोष आढळल्याने अनेक विमानप्रकारांत त्यांची तपासणी सक्तीची झाली.

ब्लीड हवा : एंजिनाच्या कंप्रेसरमधून, इंधन जळण्यापूर्वीच काढलेली हवा. केबिनमधील दाब व वातानुकूलन, पंखांवर बर्फ साचू न देणे आणि एंजिन सुरू करणे यांसाठी ती वापरतात. एअरबस ए३२० मध्ये ती निववून सुमारे २००° से. वर आणतात. बोइंग ७८७ मध्ये केबिनसाठी ब्लीड हवा वापरत नाहीत.

रचना व कार्य : इन्कोनेल मिश्रधातूच्या बारीक नळीच्या मध्यातून तार जाते. नळी व तार यांच्यामध्ये सच्छिद्र सिरॅमिक असून त्याच्या छिद्रांत यूटेक्टिक क्षारमिश्रण भरलेले असते. ठरावीक तापमानाला क्षार वितळतो, नळी व तार यांमधील विद्युत्‌रोध एकदम घटतो आणि नियंत्रक इशारा देऊन संबंधित झडप बंद करतो. योग्य क्षारमिश्रण निवडून हे तापमान ठरवतात. ए३२० मध्ये पंखांतील नळांसाठी ते सुमारे १२४° से., तर एंजिन जोडणाऱ्या पायलनमध्ये सुमारे २०४° से. असते. पंखांत अशा घटकांची दोन समांतर मंडले असतात व दोन्हींनी दुजोरा दिला तरच इशारा मिळतो. त्यामुळे खोटे इशारे टळतात.

दोष : काही घटकांत क्षार अपुरा भरला गेला होता. उत्पादनातील गुणवत्ता-नियंत्रणाची त्रुटी, असे कारण विमानसुरक्षा प्राधिकरणांच्या निदेशांत दिले आहे. अशा ठिकाणी गरम हवा लागली तरी विद्युत्‌रोध पुरेसा घटत नाही. मंडलाची नेहमीची चाचणी तार सलग आहे की नाही एवढेच पाहते. तार शाबूत असल्याने सदोष घटक तीत उत्तीर्ण होतो. नियंत्रकही मंडल सुस्थितीत असल्याचे धरून चालतो आणि दुजोऱ्याच्या अटीमुळे एका मंडलातील मूक दोष दुसऱ्याचाही इशारा अडवू शकतो. न कळलेल्या गळतीने लगतची संरचना, विजेच्या तारा व इतर यंत्रणा तापून निकामी होण्याचा धोका असतो.

निदेश : युरोप, कॅनडा व अमेरिकेच्या विमानसुरक्षा प्राधिकरणांनी उड्डाणयोग्यता निदेश काढले. त्यांचा गाभा असा : नोंदी किंवा घटकावरील खुणा पाहून संशयित उत्पादनगट ओळखणे, घटकांची चाचणी घेणे, नापास घटक बदलणे आणि न तपासलेला संशयित घटक सुटा भाग म्हणून न बसवणे. निदेश न पाळलेले विमान मुदतीनंतर उडवता येत नाही.

भारत : लागू निदेशांच्या पूर्ततेवर नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देखरेख ठेवते.

मूल्यमापन : घटकात क्षार पुरेसा आहे की नाही, हे केवळ तारेच्या सलगतेवरून ठरत नाही, त्यासाठी क्षाराचीच परीक्षा घ्यावी लागते.