ऐरणीची विद्या आणि मँगनीज पोलाद

आपल्या लोहार ज्ञातीचा इतिहास ताम्रपटांत शोधून सापडावयाचा नाही. तो फाळ, विळा, कुऱ्हाड आणि गाडीच्या चाकाची धाव यांवर लिहिलेला आहे. आजचा सांगली जिल्हा १९४९ साली जुन्या साताऱ्यातून ‘दक्षिण सातारा’ या नावाने वेगळा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे या दोन्ही जिल्ह्यांतील आपल्या घराण्यांचा पूर्ववृत्तांत बव्हंशी एकच आहे.

१९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या आश्रयाने कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली. १९२२ साली धनजीशा कूपर यांचा कारखाना सातारा रोड येथे उभा राहिला. दोन्ही ठिकाणी लोखंडी नांगर तयार होऊ लागले. लाकडी नांगराचा फाळ पाजवून बलुते घेणाऱ्या लोहारास हा बदल सोसणे सोपे नव्हते. कोणी कारखान्याची वाट धरली, कोणी गावातच भात्याशेजारी वेल्डिंगचे यंत्र बसविले. आमच्या वडिलांनी दुसरा मार्ग पत्करला.

या नव्या उद्योगात आपल्या पिढीजात विद्येस बुचकळ्यात टाकणारा एक धातू भेटला, तो म्हणजे मँगनीज पोलाद. शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्ड यांनी १८८२ साली तो शोधून काढला. पोलादात मँगनीज थोडे वाढविले की ते ठिसूळ होते, हे तोपर्यंत ठाऊक होते. हॅडफील्ड यांनी ते प्रमाण बारा-तेरा टक्क्यांपर्यंत नेले, पोलाद लालबुंद तापवून पाण्यात निवविले, आणि ते विलक्षण चिवट झाल्याचे आढळले. त्याहून नवल हे की, त्यावर जितके आघात व्हावेत तितका त्याचा पृष्ठभाग कठीण होत जातो. म्हणून खडी फोडणाऱ्या यंत्रांचे जबडे आणि रेल्वेच्या रुळांची क्रॉसिंगे यांसाठी हेच पोलाद वापरतात. आपल्या भागातील काळ्या पाषाणाशी झुंजावयास असाच धातू हवा.

साध्या पोलादास पाणी दिले की ते कडक होते, ही आपल्या ऐरणीची पहिली शिकवण. मँगनीज पोलादास पाणी दिले की ते चिवट होते, आणि पुन्हा तापवून सावकाश निवू दिले की काचेसारखे ठिसूळ होते! ही उलटी रीत न कळल्यामुळे आमच्या वडिलांवर एक कठीण प्रसंग ओढवला. १९६० नंतरच्या दशकातील ही गोष्ट. खडीच्या यंत्राचा तडकलेला जबडा एका खाणमालकाने आमच्याकडे आणला. बिडाचे काम करावे त्याप्रमाणे वडिलांनी तो भट्टीत तापविला, जोडला आणि राखेत पुरून सावकाश निवविला. दुसऱ्याच दिवशी जोडालगत नवी भेग पडली. मालकाने पैसे तर दिले नाहीतच, वर चार माणसांत बोल लावला. वडील त्या रात्री जेवले नाहीत.

पुढे कोयनेच्या बांधकामावर काम केलेल्या एका वयस्क फिटरने त्यांना मर्म सांगितले. सुमारे २६० अंश सेल्सियसच्या वर हा धातू फार वेळ राहिला की त्यातील कर्ब संयुगरूपाने कणांच्या सीमांवर साचतो, आणि तेथूनच भेग सुटते. तेव्हा याचे जोडकाम थंडपणे करावयाचे. आधी तडकलेला भाग आणि आघातांनी कठीण झालेली साल सहाणेच्या चाकाने पूर्ण काढून टाकावी, कारण भेगेचा अंश मागे राहिला तर ती पुन्हा वर येते. अगोदर तापवू नये. क्रोम-निकेलयुक्त स्टेनलेस अथवा मँगनीजयुक्त सळई घ्यावी, प्रवाह कमी ठेवावा, दोन-तीन इंचांचे तुकडे आलटून पालटून निरनिराळ्या जागी टाकावेत. जोडाशेजारी हात ठेवता येईल इतके निवल्यावरच पुढचा तुकडा टाकावा. वडिलांनी त्यासाठी गुळाची जुनी काहील पाण्याने भरली, जबडा तीत बुडवून केवळ जोडाची जागा वर ठेविली आणि स्वतः कोरड्या फळीवर उभे राहिले.

प्रत्येक तुकडा गरम असतानाच त्यावर हातोडीचे हलके ठोके द्यावे लागतात. निवताना आकसणाऱ्या धातूचा ताण त्यामुळे सैल होतो. हे ऐकताच वडील हसले होते. भाता आणि राख येथे निरुपयोगी ठरली, परंतु आजोबांची हातोडी कामास आली. तो दुसरा जबडा टिकला आणि तोच खाणमालक पुन्हा आमच्या दारी आला.

एक सूचना कळकळीने करतो. या कामाच्या धुरातील मँगनीज दीर्घकाळ श्वासावाटे गेल्यास मज्जासंस्थेस अपाय होतो, हात थरथरतात, चाल बिघडते. दुकानाची दारे-खिडक्या उघडी असावीत, धूर बाहेर नेणारा पंखा असावा आणि तोंडास योग्य मुखपट्टी असावी. कमाईसाठी देह झिजवू नये.

आपल्या घरांतून अशी किती तरी माहिती वृद्धांच्या तोंडी आहे. ती कागदावर उतरली नाही तर त्यांच्याबरोबरच जाईल. पूर्वजांची विद्या जशीच्या तशी जपणे म्हणजे परंपरा नव्हे. धातू बदलला की रीत बदलावी, हेही त्यांनीच शिकविले. तरुणांनी आपल्या वडीलधाऱ्यांजवळ बसून ते लिहून घ्यावे, एवढीच आमची विनंती आहे.