मळसूत्री पंखा आणि मुंबईची सुकी गोदी

मुंबईच्या जहाजबांधणीचा इतिहास बहुधा जलावतरण झालेल्या जहाजांच्या नामावलीवरून लिहिला जातो. १८१७ चे ‘ट्रिंकोमाली’, १८४८ चे ‘मिआनी’ अशी सागवानी जहाजे मोजून झाली, की वाडिया घराण्याच्या गोदीचे कौशल्य लयास गेले, असा निष्कर्ष काढला जातो. तो अपुरा आहे.

१८२९ साली मुंबईत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट बाजूंच्या चाकांवर चाले. चाकांचा बराचसा भाग पाण्याच्या वर असल्यामुळे मोडलेली फळी जहाज तरंगत असतानाही बदलणे शक्य होते. १८४५ मधील ‘रॅटलर’ व ‘अलेक्टो’ यांच्या रस्सीखेचीनंतर मळसूत्री पंख्याचे श्रेष्ठत्व सर्वमान्य झाले. खुद्द ‘मिआनी’सही १८५७ मध्ये पंखा बसविण्यात आला. मात्र पंखा सदैव पाण्याखाली असल्याने तो काढावयाचा, तर साधारणतः सुकी गोदीच हवी.

हे काम वरकरणी साधे, वस्तुतः नाजूक असते. दांड्याचे टोक निमुळते असते व पंख्याचा तुंबा त्याच मापाने आतून कोरलेला असतो. रंग लावून दोन्ही पृष्ठे सर्वत्र टेकतात की नाही, हे पाहिले जाते. नंतर चावी बसवून नट आवळतात. त्याचे आटे पंख्याच्या पुढील फेऱ्याच्या उलट दिशेचे असतात; त्यामुळे जहाज पुढे जाताना नट सैल होत नाही. पंखा काढताना नट सैल करतात, परंतु पूर्ण काढीत नाहीत. अन्यथा एकाएकी सुटलेला पंखा खाली कोसळेल. जुन्या रीतीत तुंब्यामागे पाचरी ठोकीत व तुंबा सर्व बाजूंनी सारखा तापवीत. एकाच जागी उष्णता दिल्यास धातूस तडा जाण्याचा धोका असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेलाच्या दाबाने तुंबा किंचित फुगवून तो सोडविण्याची रीत रूढ झाली.

या दृष्टीने पाहता १८१० मध्ये पूर्ण झालेली डंकन गोदी, १८९१ ची मेरवेदर गोदी आणि १९१४ ची सुमारे १,००० फूट लांबीची ह्यूज गोदी ही एकाच परंपरेची रूपे ठरतात. जहाज बांधणारे बंदर हळूहळू जहाज राखणारे बंदर झाले. सुताराच्या वाकसाची जागा फिटरच्या कानशीने घेतली. हाताच्या अंदाजाचे मोल मात्र उणावले नाही. १९६० मध्ये माझगाव गोदी शासनाच्या मालकीची झाली व पुढे तेथे ‘निलगिरी’ ही युद्धनौका बांधली गेली. या पुनरुत्थानाचा पाया केवळ जुन्या सागवानी जहाजांत नव्हे, तर सुक्या गोदीच्या तळाशी चाललेल्या या अनाम दुरुस्तीकामातही शोधला पाहिजे.