निपाणी भागातली जट

पन्नाशी-साठी ओलांडलेल्या बाईला लांब केस शोभतात का, हा विषय आजकाल आमच्या निपाणीत हळदीकुंकवालाही निघतो. एकजण म्हणते, पांढऱ्या केसांची वेणी बरी दिसत नाही, खांद्यापर्यंत कापून टाक. दुसरी म्हणते, केस म्हणजेच बाईची शोभा. मी इथल्या शाळेत शिकवून निवृत्त झाले आणि हा वाद ऐकला की मला मनापासून बरं वाटतं. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत बाईच्या केसांचा निर्णय बाईकडे नव्हताच.

वरच्या जातींच्या वाड्यांत नवरा गेला की केस जायचे. मुंबईच्या नाभिकांनी 1890 साली सभा घेऊन विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं ठरवलं, तरी प्रथा पुढं कित्येक वर्षं रेंगाळली. महर्षी कर्व्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले यांनी चाळिशी उलटल्यावर वपन बंद करून केस वाढवले. वाढत्या वयात केस राखणं हेच तेव्हा बंड होतं.

आमच्याकडच्या कष्टकरी घरांत गोष्ट उलटी होती. तिथं केसांना कात्री लावायची बंदी, कारण जट, म्हणजे केसांचा न सुटणारा गुंता. ती यल्लम्माची मानायची.

आमच्या बेळगाव जिल्ह्यातलाच सौंदत्तीचा डोंगर या यल्लम्माचा. मार्गशीर्षातल्या पुनवेला देवी रांडाव होते, माघात पुन्हा अहेव होते, अशी श्रद्धा. या दोन्ही पुनवांना कोल्हापूर, गडहिंग्लज, चिकोडी, निपाणी या सगळ्या पट्ट्यातून माणूस लोटतो. 1956 साली आम्ही म्हैसूर राज्यात गेलो, सीमेचा प्रश्न पेटला, पण यल्लम्माच्या वाटेवर सीमा कुणी मानली नाही. मराठी आणि कन्नड बाया एकाच भंडाऱ्यानं पिवळ्या होऊन परततात.

केसांत गुंता झाला की घरातली म्हातारी माणसं हात जोडायची, ‘देवी आली’ म्हणायची. मग तेल-फणी बंद. मंगळवारी, शुक्रवारी जटेला भंडारा लावायचा. पोर लहान असली की तिला देवीला सोडायची, गळ्यात ‘दर्शन’ ही माळ बांधायची, आणि ती जन्माची जोगतीण व्हायची. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांत हे जग आहे. या कादंबऱ्यांवर बेतलेला ‘जोगवा’ हा चित्रपट 2009 साली आला, तेव्हा आमच्याकडच्या बायांना त्यात नवं काही दिसलं नाही.

जट मोठ्या वयातही यायची, आणि त्याकडं फार कुणी पाहिलं नाही. निपाणी म्हणजे तंबाखू. वखारीत बायांनी दिवसभर तंबाखू चाळायची, डोक्यावर खकाणा बसायचा, त्यात घाम. घरी आल्यावर चूल, धुणं, पाणी. न्हायला आठवड्यातून एक दिवस मिळाला तर मिळाला. अशा डोक्यात गुंता होणारच. प्रा. सुभाष जोशी यांच्या पुढाकारानं या बायांची संघटना झाली. बायांच्या या लढ्यावर युगांतर गटानं 1982 साली ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट केला. मजुरीसाठी मालकापुढं उभ्या राहिलेल्या बायासुद्धा जटेपुढं मात्र गप्प व्हायच्या.

आमच्या मागच्या आळीत एक आक्का होत्या, विड्या वळायच्या. जट कमरेखाली गेलेली. रात्री कुशीवर झोपता यायचं नाही, भिंतीला टेकून बसूनच डोळा लागायचा. मान कायमची एका अंगाला कललेली. कापू या म्हटलं की एकच उत्तर, “घरात कुणाचं बरंवाईट झालं तर?” शेवटी त्यांच्या लेकीनंच धीर दिला, “होईल ते माझं होऊ दे, आई.” मग त्या तयार झाल्या. कात्री आत शिरेना. मुळाशी थोडं थोडं कातरत जावं लागलं. भंडाऱ्याचे थर, उवा, आणि कित्येक वर्षांच्या तंबाखूचा उग्र वास. जट जमिनीवर ठेवली तेव्हा आक्कांनी दोन्ही तळवे डोक्यावरून फिरवले आणि म्हणाल्या, “वारं लागायलंय गं डोस्क्याला.”

देवीचा यात काही संबंध नाही. न विंचरलेल्या केसांत तेल, मळ, घाम आणि उवा साचल्या की ते एकमेकांत घट्ट होतात. पोलंडमध्ये हा प्रकार इतका पसरला होता की वैद्यकानं त्याला त्या देशाचंच नाव दिलं, प्लाइका पोलोनिका. तिथंही जट कापली तर आजार वाढतो अशी भीती होती. एकोणिसाव्या शतकात क्राकोव्हच्या युझेफ डिटल या डॉक्टरांनी त्याविरुद्ध मोहीम चालवली. तिथं यल्लम्मा नव्हती, भीती मात्र तीच.

मुली देवीला सोडण्याविरुद्ध मुंबई सरकारचा कायदा 1934 चा. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. कर्नाटकाचा कायदा 1982 चा, महाराष्ट्राचा 2005 चा. कायद्यानं मूल वाचतं, पण म्हातारीच्या डोक्यावरचं ओझं उतरवायला कुणीतरी तिच्याजवळ बसावं लागतं. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या लोकांनी ते केलं. पुण्याच्या नंदिनी जाधव, ज्या आधी ब्यूटी पार्लर चालवायच्या, त्यांनी गावोगाव फिरून दोनशेहून जास्त बायांच्या जटा उतरवल्या आहेत. या कामाला मी कुठल्याही समाजसुधारणेच्या बरोबरीचं मानते.

आक्कांचे केस पुन्हा आले. विरळ, पांढरे, पण मऊ. सुनेनं आखूडच ठेवा म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही. रोज खोबरेल लावून फणी फिरवायच्या आणि सुपारीएवढा बुचडा बांधायच्या. मला विचाराल तर त्यांना तो शोभत होता.

तुमच्या घरात, शेजारात कुणाच्या डोक्यावर जट असेल तर हसू नका, ओरडू नका, आणि झोपेत कात्री तर मुळीच लावू नका. शेजारी बसा, तिच्या मनातली भीती ऐकून घ्या, समितीच्या कार्यकर्त्यांना बोलवा. ती हो म्हणाली की मगच कापा. पुढं केस किती वाढवायचे, ते तिचं ती ठरवेल.