बार्शी ग्रामीण कर्करोग नोंदणी

भारतातील ग्रामीण लोकसंख्येची पहिली कर्करोग नोंदणी. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी आणि लगतच्या धाराशिव (तेव्हाच्या उस्मानाबाद) जिल्ह्यातील परांडा व भूम या तालुक्यांतील ३४६ गावांसाठी ती १९८७ मध्ये बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात, मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या साहाय्याने सुरू झाली.

शहरातील नोंदणीला रुग्णालये, प्रयोगशाळा आणि मृत्यूचे दाखले यांतून बहुतेक रुग्ण सापडतात. खेड्यात निदानाविनाच कित्येक जण घरी दगावत आणि मृत्यूच्या नोंदीत नेमके कारण नसे. म्हणून बार्शीचे कार्यकर्ते ठरावीक काळाने गावोगाव जात, जाणत्या माणसांकडे चौकशी करत आणि पाळी गेल्यावर होणारा रक्तस्राव, स्तनातील गाठ, तोंडातली न भरणारी जखम अशी लक्षणे समजावून सांगत. संशय आला की त्या व्यक्तीला तपासणीसाठी बार्शीला पाठवत. गावात मिळालेली ही माहिती मग रुग्णालयांचे केसपेपर, बायॉप्सीचे अहवाल व गावच्या मृत्युनोंदी यांच्याशी ताडली जाई. यातले जिकिरीचे काम जुळवणीचे : विवाहितेचे नाव माहेरी एक, सासरी दुसरे; वय अंदाजाने सांगितलेले. एकच रुग्ण दोनदा मोजला जाऊ नये, यासाठी नाव, वय, गाव आणि रोगाचे स्थान एकत्र पाहावे लागे.

गर्भाशयमुखाचा कर्करोग लवकरच्या टप्प्यात सापडण्याचे प्रमाण काही वर्षांतच वाढल्याचे डॉ. कस्तुरी जयंत व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवले. मोजणी करणाराच रुग्णाला उपचारापर्यंत नेत होता, हे या नोंदणीचे खरे मोल होय.

याच अनुभवाच्या बळावर उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची मोठी चाचणी झाली. स्त्रियांची नावे कर्करोग नोंदणीशी ताडून पुढील आजार व मृत्यू शोधण्यात आले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या कर्करोगाला कारणीभूत एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा) विषाणूची एकच तपासणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४, तर तपासणी न झालेल्या ३१,४८८ स्त्रियांमध्ये ६४ मृत्यू झाले. या दुसऱ्या गटाला तपासणीविना ठेवल्याबद्दल चाचणीवर कठोर टीका झाली. नेहमीच्या आरोग्यसेवेतही तेव्हा अशी तपासणी मिळत नव्हती, हे संशोधकांचे उत्तर खरे असले तरी त्याने आक्षेपाचे वजन कमी होत नाही.