लीथच्या कासवाची नोंद आणि बीडचे पाणी : ओळीनिहाय भाष्य

प्राण्यांच्या शास्त्रीय सूचीत एकेका जातीच्या वाट्याला चार-पाच ओळीच येतात. लीथच्या मऊ पाठीच्या कासवाच्या अशा ओळी बीड जिल्ह्यात नोंद करणाऱ्याने कशा वाचाव्यात, ते येथे मांडले आहे.

१. नाव : निल्सोनिया लीथी (ग्रे, १८७२)
ब्रिटिश म्युझियमचे जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८७२ मध्ये या जातीचे वर्णन केले आणि मुंबई इलाख्यातील डॉक्टर लीथ यांचे नाव तिला दिले. ग्रे यांचे नाव कंसात आहे, कारण त्यांनी तिला ट्रायोनिक्स या प्रजातीत ठेवले होते. निल्सोनियात पूर्वी केवळ म्यानमारचे कासव होते. भारतीय जाती तिच्यात अलीकडे आल्या. जुन्या नोंदी शोधताना ट्रायोनिक्स आणि ॲस्पिडेरेटीस ही नावेही पाहावीत.

२. मूळ ठिकाण : पुणे
ज्या नमुन्यावरून जातीचे वर्णन झाले, तो जिथला, ते मूळ ठिकाण. पुण्याच्या मुळा-मुठेचे पाणी भीमेला मिळते. बीडच्या पश्चिम सीमेवरची, आष्टी तालुक्याकडची सीनाही पुढे भीमेलाच मिळते. म्हणजे सीनेचा काठ मूळ ठिकाणाच्याच नदीसंस्थेत मोडतो.

३. प्रसार : द्वीपकल्पातील नद्या व जलाशय
ही ओळ बीडसाठी सर्वांत महत्त्वाची आहे. बालाघाटच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे पाणी दोन खोऱ्यांत वाटले आहे. सीनेचे पाणी कृष्णेच्या खोऱ्यात जाते. बिंदुसरा, सिंदफणा आणि मांजरा गोदावरीच्या खोऱ्यात. या जातीचा प्रसार दोन्ही खोऱ्यांत आहे. त्यामुळे नोंदीत नुसते ‘बीड’ लिहिले, तर कासव कोणत्या खोऱ्यातले हे कळत नाही. माजलगावच्या जलाशयात पैठणच्या उजव्या कालव्यानेही पाणी येते, म्हणून तिथले कासव कालव्यातून आलेलेही असू शकते, हे लक्षात ठेवावे. विहिरीत माणसाने आणून सोडलेले कासव प्रसाराचा पुरावा ठरत नाही. तशी नोंद वेगळी ठेवावी.

४. ओळख : पिलाच्या पाठीवर डोळ्यांसारखे ठिपके, सहसा चार
वाढत्या वयात हे ठिपके पुसट होतात. घोटाळा होतो तो आपल्याकडच्या सामान्य झडपवाल्या कासवाशी. त्याचीही पाठ मऊच असते, पण पोटाकडे मागचे पाय झाकणाऱ्या झडपा असतात आणि आकार बराच लहान असतो. छायाचित्राशिवाय केलेली नोंद म्हणूनच कच्ची समजावी.

५. स्थिती : अतिसंकटग्रस्त
तीस वर्षांत संख्या सुमारे ९० टक्के घटल्याचा अंदाज आहे. कारण मांसासाठी होणारी शिकार आणि चोरटा व्यापार. २०२२ मध्ये पनामात झालेल्या, वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील साइटिस कराराच्या परिषदेत भारताच्या प्रस्तावावरून ही जात परिशिष्ट १ मध्ये, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत, गेली.

बीडच्या वाचकांना विनंती आहे : कासव दिसले तर पकडू नका. नदी, गाव, तारीख आणि छायाचित्र टिपून अभ्यासकांना किंवा वनविभागाला कळवा. नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. शिकारीही तेथे वाचत असतात.